रेशनच्या दिवसांतली ‘ओल्गा’

१९५१ साली इंग्लंडमधल्या बायका साखर-मटणासाठी रेशनकार्ड घेऊन रांगेत उभ्या राहत होत्या. त्याच वर्षी बेंटले कंपनीची ‘ओल्गा’ तयार झाली. नंबरप्लेटवरच्या ओएलजी अक्षरांवरून पडलेलं हे लाडकं नाव! लांबच्या प्रवासाला चौघांना घेऊन भरधाव जाणारी गाडी हवी होती. पण एवढ्या वेगात जड गाडीचा भार त्या वेळचे टायर पेलेनात. मग बॉडी ॲल्युमिनियमची केली, सीटचे सांगाडेही हलके केले. फ्रान्समधल्या ट्रॅकवर ती ताशी सुमारे १९० किलोमीटर धावली. १९५५ पर्यंत ओल्गा धरून जेमतेम २०८ गाड्या बनल्या, त्याही सुरुवातीला फक्त परदेशी विकायला. देशाला डॉलर हवे होते ना! मटणाचं रेशन सुटलं ते १९५४ मध्ये. गाडीचं कौतुक जरूर करू या, पण रांगेतल्या त्या बायकांचा संयमही आठवायला हवा, नाही का?