होडीत पाऊल टाकण्यापूर्वी

हिवाळा सुरू झाला, की पक्षिप्रेमींना उजनी जलाशयाचे वेध लागतात. सोलापूरहून पहाटे निघालेली कुटुंबे भिगवण, कुंभारगावच्या काठावर पोहोचतात, भाड्याची होडी ठरवतात आणि रोहित पक्ष्यांच्या थव्यांकडे निघतात. भाड्याच्या घासाघिशीत दहा मिनिटे सहज जातात. होडी नीट पाहण्यात मात्र एक मिनिटही जात नाही. वास्तविक ही दोन्ही कामे काठावरच करायची असतात, आणि दुसरे पहिल्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

माढा तालुक्यात भीमा नदीवर बांधलेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या धरणाचे पाणी पुणे आणि नगर जिल्ह्यांच्या हद्दीपर्यंत मागे पसरले आहे. काठावरून ते तळ्यासारखे निवांत दिसते. पण एवढ्या विस्तीर्ण, मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला अडवणारे काहीच नसते. वळवाचे वादळ आले, की थोड्याच वेळात लाटा उसळू लागतात. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी अशाच वादळात उलटली. होडीतील सात जणांपैकी एक जण पोहत काठाला लागला. सहा जणांचा बळी गेला. त्यांत लहान मुलेही होती. पर्यटनाची हौस म्हणून निघालेली ही माणसे नव्हती. पाण्याने दुरावलेल्या गावांसाठी होडी हा रोजचा रस्ता आहे. म्हणूनच हा विषय केवळ सहलीपुरता मर्यादित नाही.

कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. गोव्यात ही नौका बांधली जात असतानाच ते त्या कामात गुंतले होते. तिचा कानाकोपरा त्यांच्या परिचयाचा होता. भाड्याने होडी घेणाऱ्याची स्थिती याच्या नेमकी उलट असते. होडी परकी, नावाडी अनोळखी आणि हाती वेळ थोडा. तेव्हा तपासणीची एक ठरावीक रीत अंगवळणी पाडणे, एवढेच आपल्या हाती उरते.

प्रथम होडीचा तळ पाहावा. फळ्यांखाली पाणी साचले असेल, तर ते आले कोठून, हे विचारावे. दहा बादल्या पाणी म्हणजे सुमारे दीडशे किलो वजन, अर्थात दोन मोठी माणसे. शिवाय माणसे एका जागी बसून राहतात. पाणी मात्र होडी कलेल त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. पाणी उपसण्यासाठी डबा किंवा बादली होडीत आहे ना, हेही पाहावे.

त्यानंतर माणसांची संख्या. किती जणांची परवानगी आहे, हे विचारावेच. पण डोळ्यांनीही खात्री करून घ्यावी. सर्व जण बसल्यावर होडीचा काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर उरत असेल, तर ती होडी जास्त भरली आहे. दोन फेऱ्यांचे भाडे वाचवण्यासाठी एकाच फेरीत सर्वांना कोंबू नये.

लाइफ जॅकेट होडीत असणे आणि अंगावर असणे यांत जीवन-मरणाचे अंतर आहे. बाकाखाली रचून ठेवलेली जॅकेटे होडी उलटल्यावर हाती लागत नाहीत. पट्टे, बकले आणि शिवण तपासावी. जॅकेट घालून बांधल्यावर दुसऱ्याने ते खांद्याशी धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले, तर ते सैल आहे. पाण्यात ते अंगावर राहणार नाही. मोठ्या माणसाचे जॅकेट लहान मुलाला चालत नाही. मुलांच्या मापाचे नसेल, तर मुलांना घेऊन जाऊ नये.

यंत्राची होडी असेल, तर यंत्र काठावरच सुरू करून दाखवायला सांगावे. इंधन जाऊन येऊन पुरेल ना? यंत्र बंद पडले तर वल्ही आहेत ना? हे दोन प्रश्न न चुकता विचारावेत. उजनीच्या पाण्याखाली जुन्या गावांचे अवशेष आहेत. पाणी ओसरले, की पळसदेवचे प्राचीन मंदिर उघडे पडते. शिवाय मासेमारीची जाळी असतात. यंत्राचा पंखा जाळ्यात अडकणे ही अशा पाण्यात अनपेक्षित गोष्ट नव्हे. मुंबईत गेटवेजवळ शिडाची होडी भाड्याने घेणाऱ्यांनी याखेरीज सुकाणू दोन्ही बाजूंना मोकळे फिरते का, डोलकाठीला ताण देणाऱ्या तारा तुटक्या वा गंजलेल्या नाहीत ना आणि शीड चटकन उतरवता येते का, हे पाहावे.

शेवटी आभाळ पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग दाटू लागले किंवा धुळीचे लोट दिसले, तर होडी कितीही भक्कम असली तरी निघू नये. काठावर राहणाऱ्या एका व्यक्तीला आपण किती जण, कोणत्या दिशेने निघालो आणि केव्हा परतणार, हे सांगून ठेवावे.

२०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यंत्रचलित होड्यांची नोंदणी आणि तपासणी बंधनकारक केली आहे. कागद मागण्यात संकोच नको. मात्र कागद तपासणीच्या दिवसाचा असतो. आज सकाळी तळाला पडलेली चीर त्यावर दिसत नाही.

हे सारे विचारताना नावाड्याचा अपमान होतो, असे अनेकांना वाटते. पण होडी हे त्याचेही पोट आहे, आणि तोही त्याच पाण्यावर निघालेला असतो. ‘मामा, जरा यंत्र चालू करून दाखवता का?’ एवढे आर्जवाने विचारले, तर जाणता नावाडी रागावत नाही. जो टाळाटाळ करतो, त्याने आपले उत्तर दिलेलेच असते. काठावर असेपर्यंत ‘नको’ म्हणण्याचा अधिकार आपला असतो. दोर सुटल्यावर तो उरत नाही. पक्षी उद्याही येतील. त्या दिवशीची फेरी चुकली, म्हणून फारसे काही बिघडत नाही.