सहकारी संस्थेचे मालक आणि तिचे चाकर

दिवाळी सरली की खांब व आसपासच्या गावांत भाताची झोडणी होते आणि पुढे संस्थेच्या गोदामाकडे पोत्यांची रीघ लागते. तेथे उभा असलेला प्रत्येक सभासद काट्याकडे डोळे लावून असतो. वजन बरोबर पडले काय, ओलाव्यापायी किती कापले, पैसे केव्हा हाती येणार, हे प्रश्न तो विचारतो व ते विचारणे योग्यच आहे. परंतु काट्यावर पोते चढविणारा हमाल, सांडलेले भात गोळा करून पोती शिवणारी बाई, रात्री गोदाम राखणारा रखवालदार आणि पावत्या फाडणारा कारकून यांस काय मिळते, कोणत्या अटींवर मिळते, आणि त्यांजवर अन्याय झाल्यास त्यांनी कोणाकडे जावे, हे सहसा कोणी विचारीत नाही. आजचा आमचा लेख या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

प्रथम आमचाच दोष सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका संस्थेच्या कमिटीवर होतो. तेथील रखवालदार अठरा वर्षे चाकरीस होता. एका पावसाळ्यात छपराचा पत्रा उडाला व खताची पोती भिजली. पत्रा सैल झाल्याचे आपण दोन वेळा कळविले होते, असे त्याचे म्हणणे; पण ते तोंडी. कमिटीने त्यास आत न बोलाविता पाच मिनिटांत काढून टाकण्याचा ठराव केला. आठवड्याच्या आत त्याच्या जागी एका कमिटी सभासदाचा मेहुणा आला. ठरावावर आमचीही सही आहे. तो गृहस्थ अजून बाजारात भेटतो व रामराम करतो. तो रामराम घेताना आमची मान वर होत नाही.

त्या सभेत कोणी दुष्ट मनुष्य बसला होता असे नाही. उणीव होती ती नियमाची. खाजगी दुकानात मालक एक असतो; तो बरा असो वा वाईट, नोकरास त्याचे तोंड ठाऊक असते. संस्थेत मालक शेकडो. हुकूम करण्यास प्रत्येक जण मालक, आणि पगाराचा विषय निघाला की कोणीच नव्हे. त्यात नोकर गावातलाच, कोणाचा तरी भाऊबंद. निवडणूक झाली, कमिटी बदलली की तो ‘त्यांचा माणूस’ ठरतो. अशा स्थितीत त्याची भाकरी कामावर नव्हे, मर्जीवर अवलंबून राहते.

मर्जीवर जगणे म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यास सांगावयास नको. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, खोतीचा जाच आपल्या वाडवडिलांनी सोसला. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली 1933 साली कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला आणि उपासमार सोसून तो सुमारे सहा वर्षे चालविला. 1949 साली खोती नाहीशी करणारा कायदा झाला. ती झुंज केवळ अर्धलीचे भात किती, एवढ्यापुरती नव्हती. खोत बोलेल तो नियम, ही रीत मोडावी यासाठीही ती होती. त्यांचीच नातवंडे आज संस्थेच्या खुर्चीवर बसून गरीब हमालाशी तोंडी हुकुमाने वागू लागली, तर आपण खोती मोडली की फक्त खोत बदलला?

आमचे आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरात गेले. तेथे एक गोष्ट पक्की शिकलो. 1948 च्या कूळ कायद्यान्वये 1 एप्रिल 1957 हा दिवस कसणाऱ्याच्या मालकीचा ठरला. परंतु ज्याचे नाव दप्तरी लागले नव्हते, त्यास पिढ्यानपिढ्या जमीन कसूनही साक्षीदार शोधीत कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. जुनी प्रकरणे चाळताना हे आम्ही वारंवार पाहिले. जो हक्क कागदावर नाही तो मागावा लागतो, आणि मागितलेला हक्क देणाऱ्याच्या मनावर असतो. सातबाऱ्यावरील एका ओळीसाठी जिवाचे रान करणाऱ्या शेतकऱ्यास ही गोष्ट अधिक फोडून सांगण्याची गरज नाही.

आता सहकाराची तत्त्वे पाहू. 1844 साली इंग्लंडात रॉचडेल येथील विणकरांनी दुकान काढले, तेव्हापासून एका सभासदास एकच मत ही रीत रूढ झाली. 1995 साली मँचेस्टर येथे आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने सहकाराची मूल्ये मांडली. स्वावलंबन, स्वतःची जबाबदारी, लोकशाही, समता, न्याय व एकजूट ही ती मूल्ये होत. आणि त्यांस सचोटी, खुलेपणा व परस्परांची काळजी यांची जोड दिली. ही नावे सुंदर आहेत, पण भिंतीवर टांगून त्यांचा उपयोग नाही. प्रत्येक मूल्यापुढे ‘म्हणून आम्ही काय करणार’ हे लिहिले पाहिजे. ते येणेप्रमाणे असावे, असे आम्हांस वाटते.

खुलेपणा मानता, तर प्रत्येक नेमणूक लेखी असावी. काम कोणते, वेळ किती, वेतन काय, रजा किती, हे त्या कागदात असावे व वेतनाचा तक्ता कचेरीत लावावा. जागा रिकामी झाल्यास फलकावर जाहीर करावी. उमेदवार कमिटी सभासदाचा नातलग असेल, तर त्या सभासदाने त्या विषयापुरते सभेतून उठून जावे.

समता मानता, तर एकाच कामास पुरुषास व बाईस एकच मजुरी द्यावी. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. 1976 सालापासून ते कायद्याचे बंधन आहे. ‘बाईची मजुरी’ हा शब्द आपल्या हिशेबवहीतून जावा.

न्याय मानता, तर ठपका लेखी द्यावा, उत्तरास मुदत द्यावी, आणि त्या मनुष्याचे म्हणणे समक्ष ऐकल्याशिवाय त्यास काढू नये. ज्याने तक्रार केली त्याने निकालास बसू नये. नोकराने काही कळविले, तर त्याची नोंद वहीत करून त्यास पोच द्यावी. एवढी एक पोच असती, तर आमचा रखवालदार आज कामावर असता.

काळजी मानता, तर ओझ्याखाली हमालाचा पाय मोडल्यास खर्च कोणी करावयाचा, हे पाय मोडण्यापूर्वी ठरवावे. हमालांच्या संरक्षणासाठी आपल्या राज्याने 1969 साली माथाडी कायदा केला, त्याचे कारण हेच की रोजचा माणूस सर्वांचा असतो आणि कोणाचाच नसतो. तसेच कामाच्या जागी बाईस कोणी त्रास दिला, तर 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे कामास असलेल्या संस्थेस अंतर्गत समिती नेमावीच लागते. त्याहून कमी असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती गोदामाच्या दारावर लिहिलेली असावी.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, पैसा कोठून आणावा? वरील नियमांपैकी बहुतेकांस कागद व शाई यांपलीकडे खर्च नाही; आणि जेथे खर्च आहे, तेथे तो आजही होतोच, फक्त तो गरिबाच्या पदरी पडतो. दुसरा, नोकर डोईजड होतील. आमचा अनुभव उलट आहे. नियम नोकरासही बांधतो. वेळेवर न येणाऱ्यास वा वजनात हात मारणाऱ्यास नियमाने काढता येते. मर्जीने ठेवलेल्यास त्याचा पाठीराखा कमिटीवर असेतोवर काढता येत नाही.

मुंबईत 1959 साली गिरगावात सात बायांनी पापड लाटण्यास आरंभ केला. त्या लिज्जतच्या संस्थेत लाटणारी बहीण हीच मालकीण आहे. तेथे मालक व कामकरी एकच. आपल्या संस्थांची रचना तशी नाही. आपण जमीनवाले सभासद आणि राबणारे दुसरे. म्हणूनच आपणांस नियमांची गरज अधिक.

पेण-रोहे खाडीकाठच्या खारीत पूर्वी जोळ असे. भरतीने बांधास खांड पडली की सर्वांनी मिळून ती बांधावयाची, कारण पाणी आत आले तर सर्वांचेच शेत खारे होते. अन्यायाचेही तसेच आहे. संस्थेची वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होते. वाचकांनी आपापल्या संस्थेत हा विषय तीपूर्वी लेखी द्यावा, नियमांचा मसुदा करताना नोकरांस व हमालांस जवळ बसवून त्यांचे ऐकावे, आणि दर वर्षी तो मसुदा पुन्हा वाचावा. आम्ही ज्या ठरावावर सही केली तो आता पुसता येत नाही. तसा दुसरा ठराव आपल्या संस्थेत होऊ न देणे मात्र आपल्या हाती आहे.