रस्त्यावरची जुनी नौका : ट्रेलरचे मार्गदर्शक आणि नाळरोध

पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन त्या वस्तूच्या वजनाइतके असते, हा आर्किमिडीजचा नियम शाळेत आपण सर्वजण शिकतो. परंतु या नियमाच्या पोटात दडलेली एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ती अशी की, पाण्याचा हा आधार कोठेही एका ठिकाणी एकवटलेला नसतो. तो नौकेच्या साऱ्या तळावर पसरलेला असतो. समजा, एका नौकेचे वजन १,००० किलोग्रॅम आहे आणि तिचा ६ चौरस मीटर तळ पाण्यात बुडालेला आहे. हिशेब केला, तर तळाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सरासरी अवघा १७ ग्रॅम भार येतो. हातावर ठेवलेल्या दोन-तीन नाण्यांचा असावा, तेवढाच!

हीच नौका पाण्याबाहेर काढून मोटारीमागे जोडायच्या ट्रेलरवर ठेवली, म्हणजे चित्र पालटते. ट्रेलरवर नौकेच्या लांबीच्या दिशेने दोन लाकडी आधारपट्ट्या असतात. त्यांतील प्रत्येक पट्टी ३ मीटर लांब व ९ सेंटीमीटर रुंद धरली, तर तोच भार आता चौरस सेंटीमीटरला १८५ ग्रॅम होतो. पट्ट्यांऐवजी आठ रूळ असले आणि प्रत्येक रूळ तळाला जेमतेम १० चौरस सेंटीमीटर टेकत असला, तर तो साडेबारा किलोग्रॅमवर जाऊन पोहोचतो. पाण्यावरील भाराच्या हा सातशे पटींहून अधिक झाला. जुन्या लाकडी नौकेची फळी अशा ठिकाणी दबते, तिचे सांधे सुटतात, आणि मालकाला ते कळते तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो.

हा प्रश्न ज्यांना नित्य भेडसावतो, ते लोक मुख्यतः उत्तर अमेरिकेतील सरोवरांच्या काठी राहतात. मिशिगन राज्यातील अल्गोनॅक या गावी क्रिस-क्राफ्ट कंपनीने महोगनीच्या चकचकीत मोटारनौका बांधल्या. ओहायोतील सँडस्की येथे लायमन कंपनीने एकीवर एक फळी चढवलेल्या, लाटांना न डगमगणाऱ्या नौका बांधल्या. क्रिस-क्राफ्टच्या १९३९ ते १९४२ या काळातील काही नौकांची पिछाडी पिंपासारखी गोलाकार असे, व त्यावरून त्यांना ‘बॅरलबॅक’ हे नावच पडले. यांपैकी अनेक नौका सरोवराकाठच्या नौकागृहात राहात. हंगाम संपला की यारीने उचलून किंवा रुळांवरून ओढून त्यांना पाण्याबाहेर घेत. मोटारीमागे बांधून शेकडो किलोमीटर प्रवास करावा, हे त्या बांधणाऱ्यांच्या मनात सहसा नव्हते. पुढे अशा नौकांचे जतन करणारे रसिक निर्माण झाले. १९७५ साली त्यांची ‘अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी’ ही संस्था स्थापन झाली. आणि प्रदर्शनांच्या निमित्ताने या वृद्ध नौका रस्त्यावर आल्या. महोगनीची मूळ फळी एकदा चिरली की ती बदलता येते, नाही असे नाही. पण मग ती मूळ फळी राहात नाही.

ट्रेलरच्या ज्या दोन अवयवांविषयी येथे लिहावयाचे आहे, त्यांना मराठीत रूढ नावे नाहीत. तेव्हा ती आपणच ठरवून घेऊ. नौकेच्या पुढच्या टोकाला आपले दर्यावर्दी ‘नाळ’ म्हणतात. ट्रेलरच्या पुढच्या खांबावर या नाळेला अडवणारा जो ठोकळा किंवा रूळ असतो, ज्याला तिकडे ‘बो स्टॉप’ म्हणतात, तो आपला ‘नाळरोध’. नौका ट्रेलरवर येत असता तिला डावी-उजवीकडे भरकटू न देणारे खांब किंवा फळ्या म्हणजे ‘मार्गदर्शक’. या दोहोंपैकी कोणीही नौकेचे वजन पेलावयाचे नसते. वजन पेलण्याचे काम मुख्यतः नौतलाचे, म्हणजे नौकेच्या तळाखालून टोकापासून टोकापर्यंत गेलेल्या कण्याचे. आधारपट्ट्यांनी तिला केवळ कलंडू द्यावयाचे नाही. मात्र नौतल आपल्या आधारावर नेमके बसले की दोन बोटे बाजूला पडले, हे मार्गदर्शक ठरवतात; आणि नौका किती पुढे येऊन थांबली, हे नाळरोध ठरवतो. साऱ्या भाराची वाटणी या दोन उत्तरांवर अवलंबून असते.

निवडीचा आरंभ नाळरोधापासून करावा. पुष्कळजण प्रथम मार्गदर्शक विकत घेतात, कारण ते डोळ्यांत भरतात. परंतु हा क्रम उलटा आहे. नौका लांबीत कोठे थांबणार हे निश्चित झाल्यावाचून तिची सर्वांत रुंद जागा ट्रेलरच्या कोणत्या भागावर येईल, ते सांगता येत नाही.

ज्यांनी बैलगाडी भरताना पाहिली आहे, त्यांना पुढील गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते व जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. ओझे पुढे आले की ती धुरजड होते व बैलांच्या माना दबतात. ट्रेलरचेही तसेच आहे. अमेरिकेत सामान्यतः असे मानतात की नौका व ट्रेलर यांच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा मोटारीच्या जोडणीवर यावा. १,००० किलोग्रॅमची नौका व ३०० किलोग्रॅमचा ट्रेलर असेल, तर हा हिस्सा १३० किलोग्रॅमचा झाला. चाकांच्या आसापासून जोडणीपर्यंतचे अंतर ५ मीटर धरू. आता नाळरोध १० सेंटीमीटर मागे सरकवला, तर नौकेची १,००० किलोग्रॅम तेवढीच मागे जाते, आणि तरफेच्या नियमाने जोडणीवरील भार २० किलोग्रॅमने उतरतो. वीतभर मागे घेतला, तर तो शंभराच्याही खाली येतो. उलाळ झालेला ट्रेलर वेगात शेपटी हलवल्यासारखा डोलू लागतो आणि मोटारीलाही आपल्याबरोबर खेचतो. येथे प्रश्न महोगनीचा उरत नाही. त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या इतर माणसांचा होतो.

तथापि केवळ जोडणीवरच्या भाराकडे पाहून नाळरोध हवा तेथे नेता येत नाही. नौकेची पिछाडी आधारपट्ट्यांच्या मागच्या टोकाबरोबर आली पाहिजे. पट्ट्या आत संपल्या आणि पिछाडी अधांतरी राहिली, तर इंधनाची टाकी व इतर वजन यांनी तळाचा मागचा भाग हळूहळू खाली वाकतो. असा वाकलेला तळ पुढे पाण्यावर वेगात चालताना नाळ खाली दाबतो व नौकेची चाल बिघडवतो. म्हणून सपाट जमिनीवर नौका ठेवून प्रथम पिछाडी पट्ट्यांच्या टोकाशी जुळवावी, मग नाळरोधाचा खांब दांडीवरून सरकवत नाळेला टेकवावा, आणि त्यानंतर जोडणीवरील भार तोलावा. तो कमीअधिक भरला तर नौका न हलवता चाकांचा आस पुढेमागे करावा. अनेक ट्रेलरांत तो वळवलेल्या बोल्टांनी बांधलेला असल्यामुळे सरकतो. यात एक सकाळ जाते, पण ती वाया जात नाही.

उंचीचा प्रश्न अधिक मनोरंजक आहे. नाळेवर रहाटाचा, म्हणजे विंचचा, पट्टा अडकवण्याची एक कडी असते. नाळरोध या कडीच्या वर असावा की खाली? धक्क्याच्या उतारावर ट्रेलर तिरपा उभा असतो, पाण्यातील नौका मात्र सपाट असते. त्यामुळे तिचा पुढचा भाग आधी पट्ट्यांना टेकतो व पिछाडी तरंगतच राहते. मोटार ट्रेलरला वर ओढू लागली की पिछाडी खाली बसते. आणि टेकलेल्या जागेभोवती नौका तराजूच्या दांडीसारखी फिरून नाळ, ट्रेलरच्या मानाने पाहता, वर उचलली जाते. नाळरोध कडीच्या खाली असेल, तर उचललेल्या नाळेला अडवणारे काहीच उरत नाही. तो कडीच्या किंचित वर असेल, तर कडी त्याच्याखाली येऊन विसावते आणि नाळ वरच्या व पुढच्या अशा दोन्ही दिशांनी बंदिस्त होते. जोराचा ब्रेक लागला असता नौका खांबावर चढू नये, यासाठीही हीच मांडणी उपयोगी पडते.

ब्रेकचा हिशेब पाहू. गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या दराने वेग कमी झाला, तर १,००० किलोग्रॅमची नौका ५०० किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने पुढे झेपावते. पट्ट्यांवरील घर्षण त्यातील काही भाग झेलते. उरलेला नाळरोधावर येतो. जुन्या नौकांच्या नाळेवर चकचकीत धातूचा पातळ पत्रा मढवलेला असतो. त्यावर अरुंद रूळ टेकला, तर हा सारा जोर एका रेघेत उतरून पत्र्याला पोचा पडतो. यास्तव जड नौकेसाठी मी रुळापेक्षा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा उंच ठोकळा श्रेयस्कर मानतो. मात्र त्याचा कोन नाळेच्या कोनाशी जुळला पाहिजे. कोन अरुंद असला तर ठोकळ्याच्या कडा दोन्ही बाजूंच्या फळ्यांना रुततात. फार रुंद असला तर नाळेची धारच तेवढी टेकते, आणि ठोकळा असून रुळासारखाच. जाड पुठ्ठ्यावर नाळेचा आकार कापून घ्यावा व दुकानात तो पुठ्ठाच घेऊन जावे. रूळ हलक्या नौकेला चालतो, चढताना तो फिरतो म्हणून सोयीचाही पडतो. काळे रबर वॉर्निशवर डाग सोडते. पॉलियुरेथेनचा ठोकळा सोडत नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. नाळरोध नौकेला पुढे जाऊ देत नाही. मागे जाण्यापासून तो तिला रोखत नाही, आणि विंचच्या पट्ट्यावर एकट्यावर विसंबणे धोक्याचे असते. नाळेला वेगळी साखळी व पिछाडीला दोन पट्टे हवेतच. तसेच नौका कोरड्यावर आल्यानंतर नाळ व ठोकळा यांत दोन बोटांचे अंतर राहिलेले दिसले, तर विंच पिळून ते मिटवू नये. साऱ्या नौकेचे घर्षण त्या एका जुन्या कडीवर येते. ट्रेलर पुन्हा पाण्यात घ्यावा, हे बरे.

आता मार्गदर्शक. त्यांचे ठळक प्रकार दोन : पिछाडीजवळ उभे केलेले खांब, आणि दोन्ही बाजूंना आडव्या बसवलेल्या, गालिचाच्या कापडाने मढवलेल्या लांब फळ्या. खांबांचा मोठा गुण असा की ट्रेलर पाण्यात बुडाला, तरी त्यांची टोके मोटार चालवणाऱ्याला आरशात दिसत राहतात. आडवा वारा सुटला असता हा गुण लाखमोलाचा ठरतो. आधुनिक फायबरच्या नौकेला खांब निःसंशय चांगले. कारण तिच्या बाजू वर जाताना बाहेर झुकतात, व खांबाला प्रथम टेकते ती काठावरची जाड रबरी पट्टी. बॅरलबॅक नौकेची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिच्या पिछाडीच्या बाजू वर जाताना आत वळतात. तिची अधिकात अधिक रुंदी खाली, पाण्याच्या रेषेच्या आसपास असते. सरळ खांब उभा केला तर वरच्या काठाजवळ पोकळी राहते आणि खालची वॉर्निश केलेली फळी खांबावर घासते. अशा नौकेस त्या रुंद जागेच्या उंचीवर बसवलेल्या आडव्या फळ्याच हव्यात. चालकाला दिसावे म्हणून खांबही हवे असतील, तर ते नौकेपासून दूर, केवळ खुणेपुरते ठेवावेत.

लायमन पद्धतीच्या नौकेत आणखी एक पेच आहे. एकीवर एक चढलेल्या फळ्यांच्या कडा तळावर पायऱ्यांसारख्या उमटलेल्या असतात. नौका तिरपी चढली की आधारपट्टी या कडांत अडकते व कडेवरच सारे वजन येते. अशा नौकेचा भार नौतलाखालील आधारांवर असणे अगत्याचे, आणि म्हणूनच तिच्या मार्गदर्शकांत ढिलाई फारशी चालत नाही. मध्यभागी यंत्र असलेल्या नौकांच्या तळाखाली पंखा, त्याचा दांडा आणि सुकाणू लोंबत असतात, हेही विसरू नये. ट्रेलरचा आडवा तुळईसारखा भाग मध्ये खाली वाकवलेला असतो, तो त्यांना वाट देण्यासाठी. नौका बाजूला सरली, तर पंख्याचे पाते त्या तुळईवर आपटते.

मार्गदर्शक नौकेला घट्ट चिकटवून बसवावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते चूक होय. रस्त्यावर ट्रेलरची चौकट किंचित पिळवटते, नौका आपल्या जागी हलकेच डुलते, आणि चिकटलेला मार्गदर्शक मग पॉलिशकागदासारखा काम करतो. दोन्ही बाजूंना सारखे, सुमारे दोन ते तीन सेंटीमीटरचे अंतर ठेवावे. ते नौतलाच्या मध्यरेषेपासून मोजावे, ट्रेलरच्या चाकांपासून नव्हे. जुनी चौकट नेहमीच काटकोनात असते, असे नाही. कापड ठोकण्याचे खिळे बाजूने किंवा खालून मारावेत, व बोल्टांची डोकी लाकडात खोल बुडवावीत. कापड झिजल्यावर आत कोणती वस्तू वाट पाहात आहे, हे फळीला ठाऊक नसते.

सर्व जागच्या जागी बसल्यावर जाड कागदाची एक लांब पट्टी घ्यावी आणि नौका ट्रेलरवर असताना ती नौतल व त्याचे आधार यांच्या मधून सरकवून पाहावी. जेथे पट्टी सहज आत जाते, तेथे आधार टेकलेला नाही. हीच परीक्षा नौका सरोवरातून चार-पाच वेळा काढून प्रत्येक वेळी करावी. पोकळी दर वेळी निराळ्या ठिकाणी सापडली, तर मार्गदर्शक सैल आहेत. ती दर वेळी त्याच ठिकाणी सापडली, तर मार्गदर्शकांना हात लावू नये आणि त्या एका आधाराखाली लाकडाची पातळ चकती घालावी. पहिल्या प्रवासात वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून नाळरोधाचे बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि मार्गदर्शकांच्या कापडावरून हात फिरवावा. हाताला वॉर्निशची भुकटी लागली, तर त्या बाजूचे अंतर तेथेच, रस्त्याच्या कडेला, वाढवून घ्यावे.