पडल्या पडल्या भरायची बंदूक

३ जुलै १८६४. उत्तर जटलंडमधलं लुंडबी नावाचं लहानसं खेडं. लेफ्टनंट कर्नल बेक यांच्या हुकमावरून सुमारे १८० डॅनिश शिपाई संगिनी रोखून उतारावरून गावाच्या दिशेनं धावत सुटले. गावाच्या कडेला मातीच्या बांधाआड सव्वाशेच्या आसपास प्रशियन सैनिक दबा धरून होते. वीसेक मिनिटांत सगळं आटोपलं. डेन्मार्कचे ३२ जण ठार झाले, चाळीसहून अधिक जखमी झाले. प्रशियाचे जखमी तीन.

डॅनिश शिपाई शूर होते, याबद्दल आजवर कुणी शंका घेतलेली नाही. प्रश्न त्यांच्या हातातल्या बंदुकीचा होता. ती ठासणीची होती. काडतुसाचा कागद दातानं फाडायचा, दारू नळीच्या तोंडातून ओतायची, गोळी सारायची, गज काढून ठासायची, गज परत जागेवर, मग घोडा अर्धा चढवून निपलवर स्फोटक टोपी, म्हणजे केप, बसवायची. एवढी खटपट उभ्यानंच करावी लागे. म्हणून सेनापतीचा सोपा हिशेब असा, की एक बार काढा आणि संगीन घेऊन धावा. प्रशियनांच्या हातात मागून भरायची ड्रायझं बंदूक होती. ती जमिनीला पाठ किंवा पोट टेकून भरता येई, आणि डोकं बांधाच्या वर काढायची गरज पडत नसे.

चुटपुट लागते ती पुढच्या गोष्टीनं. डेन्मार्कच्या उत्तरेला, समुद्राच्या एका पट्ट्यापलीकडे, नॉर्वेनं मागून भरायची बंदूक सैन्यात घेतली त्याला तेव्हा २२ वर्षं झाली होती.

१८४२ साली स्वीकारलेली ही नॉर्वेजियन बंदूक 'कामरलाडर' म्हणून ओळखली जाते. मागून भरायची बंदूक सबंध सैन्यासाठी घ्यायचं धाडस तोवर प्रशियाखेरीज फारसं कुणी केलं नव्हतं. इंग्लंड आणि फ्रान्स नळीच्या तोंडातून दारू ओतत होते. नॉर्वे स्वीडनच्या राजाच्या छत्राखालचा गरीब, विरळ वस्तीचा देश. त्याच्याकडे माणसं कमी आणि बर्फ भरपूर. त्याच्या शिपायाला स्कीवरून सरकत जाऊन झाडाआड आडवं व्हायचं असे. तिथले स्की-सैनिक त्याच्या बऱ्याच आधीपासून नावाजलेले होते. १७६७ मध्ये त्यांच्यासाठी बक्षिसं लावून शर्यती झाल्या, आणि त्यांतल्या एका प्रकारात स्कीवरून उतरता उतरता निशाणा साधायचा होता. आजच्या ऑलिंपिकमधल्या बायथलॉनची वंशावळ तिथून सांगतात. अशा माणसाला उभं राहून गज मारायला लावणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं.

कामरलाडर हातात घेतली की आधी बुचकळ्यात पडायला होतं, कारण घोडा दिसत नाही. तो खालच्या बाजूला, चापाच्या पुढे असतो. उजव्या अंगाला एक दांडा आहे. तो मागे फिरवला की नळीच्या बुडाशी असलेली पोलादी खोली पुढच्या तोंडानं वर उचलली जाते. तिच्यात दारू आणि गोळी भरायची, दांडा उलट फिरवायचा, खोली खाली बसून नळीला भिडते. निपल खोलीच्या पोटाला असल्यामुळे केपेचा भडका खाली जातो. नेम धरणाऱ्याच्या डोळ्यासमोर ना घोडा, ना ठिणगी. सुरुवातीच्या नमुन्यांचा बोर जवळजवळ १७ मिलिमीटर होता, १८६० च्या नमुन्यापासून तो १२ मिलिमीटरच्या आत आला. दोषही आहेतच. खोली आणि नळी यांच्या सांध्यातून थोडा वायू निसटतो, आणि बरेच बार झाले की काजळीनं दांडा जड होतो. तरीही दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या यंत्राकडून याहून काय मागायचं?

यांतल्या बऱ्याच बंदुका जिथे घडल्या ते कॉंग्सबर्ग मूळचं चांदीच्या खाणीचं गाव. राजा चौथ्या क्रिस्तियाननं १६२४ मध्ये ते वसवलं. १८०५ मध्ये खाण बंद पडली, गाव उपाशी बसलं. १८१४ मध्ये नॉर्वे डेन्मार्कपासून तुटला आणि त्याला स्वतःची शस्त्रं हवी झाली. त्याच वर्षी तिथे शस्त्रांचा कारखाना निघाला. खाणीवर पोसलेल्या घरांना बंदुकीनं हात दिला. स्वीडनमधल्या हुस्कवार्नाची कथा धबधब्याशी बांधलेली आहे. १६८९ मध्ये तिथे पाण्याच्या जोरावर बंदुकांच्या नळ्या कोरायचा कारखाना उभा राहिला. त्याच नावाच्या मोटरसायकली आणि लाकूड कापायच्या करवती पुढे जगभर गेल्या.

स्कँडिनेव्हियातली जुनी बंदूक राजवाड्यापेक्षा शेतघरात अधिक टिकली, आणि संग्राहकाच्या दृष्टीनं ही मोठीच गंमत आहे. कोपनहेगनच्या शस्त्रागार संग्रहालयात सतराव्या शतकातल्या काल्टहॉफ बंदुका आहेत. दारू दस्त्यात, गोळ्या नळीखाली, आणि चापाभोवतीची कडी आडवी फिरवली की पुढचा बार तयार. डॅनिश राजाच्या रक्षकांना त्या दिल्या होत्या. पण त्या घडवायला घड्याळजीचा हात लागे आणि बिघडल्या तर दुरुस्त करणारा भेटत नसे. त्या काचेमागे गेल्या. याउलट खेड्यातल्या लोहारानं बनवलेली स्नॅपलॉक बंदूक बघा. गार पकडणारा घोडा वेगळा, ठिणगी पाडणारी पोलादी पट्टी वेगळी, आणि ही पट्टी बाजूला वळवून ठेवली की बंदूक उडायची भीती नाही. बाकी युरोपनं अधिक सुबक गारेची बंदूक घेतल्यावरही नॉर्वे-स्वीडनच्या शिकाऱ्यांनी ही स्नॅपलॉक एकोणिसाव्या शतकापर्यंत सोडली नाही.

दक्षिण स्वीडनचा स्कोने प्रांत १६५८ मध्ये डेन्मार्कच्या हातून स्वीडनकडे गेला. तिथल्या यॉइंगं भागातले लोहार बारीक बोराच्या, आटे पाडलेल्या बंदुका करत. पुढच्या युद्धात स्वीडनविरुद्ध गनिमी लढाई करणाऱ्यांना 'स्नॅपहाने' म्हणत, आणि या बंदुकांनाही तेच नाव चिकटलं. १६७६ मध्ये लोशुल्ट गावाजवळ या मंडळींनी स्वीडनच्या राजाचा खजिन्याचा तांडाच लुटला. त्याच लोशुल्टमध्ये १८६१ साली जमिनीतून एक फूटभर लांबीची, फुलदाणीच्या घाटाची काशाची नळी निघाली. ती चौदाव्या शतकातली, युरोपात टिकून राहिलेल्या सगळ्यांत जुन्या तोफा-बंदुकांपैकी एक. डेन्मार्कच्या लोलंड बेटावरच्या मध्ययुग केंद्रात तिच्या प्रतिकृती ओतून त्यांतून शिशाच्या गोळ्या आणि बाणही उडवून पाहिले. अशा प्रयोगांनीच कळलं की ही वस्तू नुसता आवाज करून घोडे बुजवण्यापुरती नव्हती.

बंदुकीपेक्षा दारूचा इतिहास मला अधिक रोचक वाटतो. शंभर भागांत पंचाहत्तर सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक, हे प्रमाण सर्वसाधारणपणे सगळीकडे चालतं. कोळशाला लाकूड भरपूर होतं. अडचण सोऱ्याची. सोळाव्या शतकात स्वीडनचा राजा गुस्ताव वासा यानं गोठ्या-तबेल्याखालची मातीही राजाच्या मालकीची ठरवली. जनावरांच्या मूत-शेणानं मुरलेल्या त्या मातीत सोरा धरतो. सरकारी माणसं कढया घेऊन येत, गोठ्याची जमीन उकरत, माती धुऊन ते पाणी आटवत. शेतकऱ्याला किती संताप येत असेल!

सोऱ्याची दुसरी वाट आपल्याकडून जाते. डॅनिशांनी १६२० मध्ये तंजावरच्या नायकांकडून तरंगंबाडी मिळवलं आणि १७५५ मध्ये बंगालात सेरामपूरला वखार घातली. बिहार-बंगालचा सोरा डॅनिश जहाजांच्या मालात असे. तरंगंबाडीच्या डॅनिशांना पुढे शंभराहून अधिक वर्षं ज्या दरबाराशी जमवून घ्यावं लागलं, तो तंजावरच्या भोसल्यांचा. डेन्मार्कची दारू मुख्यतः फ्रेडरिक्सवर्कच्या कारखान्यात बनू लागली. अठराव्या शतकाच्या मध्यात सुरू झालेला हा कारखाना १९६५ पर्यंत चालला, आता तिथे संग्रहालय आहे.

आज या बंदुका उडवणारे लोक हौशी आहेत, पण हौसेला नियमांची चौकट आहे. १९७१ पासून एमएलएआयसी ही आंतरराष्ट्रीय समिती जुन्या ठासणीच्या बंदुकांच्या स्पर्धा बघते. स्वीडन-नॉर्वेत काळ्या दारूच्या नेमबाजांचे स्वतःचे संघ आहेत. बहुतेक स्पर्धांत अर्ध्या तासात तेरा बार, त्यांतले उत्तम दहा धरायचे. अस्सल जुनी बंदूक आणि नवी प्रतिकृती यांचे गट वेगळे. दारू शिंगातून थेट नळीत ओतायची नाही, आधी मोजून छोट्या नळकांड्यांत भरून आणायची, कारण नळीत विझायची राहिलेली ठिणगी शिंगापर्यंत पोचली तर हात जातो. तोड्याच्या बंदुकीच्या एका स्पर्धेला तानेगाशिमा या जपानी बेटाचं नाव आहे. पोर्तुगीजांनी १५४३ मध्ये त्या बेटावर नेलेल्या बंदुकांचा घाट गोव्याच्या शस्त्रशाळेतला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

मैदानावर घाई करणारा हरतो. गोळी मऊ शुद्ध शिशाची, तिच्याभोवती चरबी लावलेली कापडाची चकती. गज एकाच दाबानं खाली न्यायचा, कारण प्रत्येक बाराला दाब बदलला तर गोळी कागदावर वेगवेगळ्या जागी जाते. चाप ओढला की धक्का, मग पांढऱ्या धुराचा ढग आणि सडक्या अंड्यासारखा वास. वारा नसेल तर आपली गोळी कुठे लागली ते बराच वेळ दिसत नाही. दोन-चार बारांनंतर ओलसर चिंधी नळीतून फिरवायची. जळलेल्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते आणि एका रात्रीत पोलाद गंजवते. म्हणून घरी पोचल्यावर जेवणाआधी नळीत गरम पाणी, मग तेल. हे टाळणाऱ्याला जुनी बंदूक ठेवायचा अधिकार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदाही मजेशीर आहे. स्वीडनमध्ये १८९० पूर्वी बनलेली आणि एकसंध, वायुरोधक काडतूस न वापरणारी बंदूक परवान्याशिवाय ठेवता येते. भिंतीवरच्या स्नॅपलॉकला कागद लागत नाही. मात्र तिच्यात भरायच्या काळ्या दारूला पालिकेची परवानगी लागते. बंदूक मोकळी, दारू बांधलेली. यात मला तरी काही चूक दिसत नाही.

राहता राहिला संग्राहकांचा जुना वाद. लुंडबीनंतर तीन वर्षांनी, १८६७ मध्ये, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या तिन्ही देशांनी अमेरिकेची रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक घेतली. काही कामरलाडर नव्या धातूच्या काडतुसासाठी बदलल्या, उरल्या त्या लोकांना विकून टाकल्या. शेतकऱ्यांनी त्यांच्या नळ्या कापल्या, आटे घासून छर्ऱ्याच्या बंदुका केल्या, मोडके दस्ते घरच्या लाकडाचे बसवले. बाजारात भाव येतो तो सैन्यातून निघाली तशीच राहिलेल्या, सगळे शिक्के जुळणाऱ्या बंदुकीला. कापलेली बंदूक कोपऱ्यात पडून राहते. हा न्याय मला उलटा वाटतो. कोठारात न वापरता राहिलेली बंदूक कारखान्याबद्दल सांगते. कापलेली बंदूक त्या देशात माणसं कशी जगली ते सांगते, आणि पाठ्यपुस्तकात ते सापडत नाही.

म्हणून अशी एखादी बंदूक ज्याच्या हाती येईल त्याला विनंती एवढीच. घासून लखलखीत करू नका, शेतकऱ्यानं ठोकलेला खिळा काढू नका, तोडलेली नळी 'मूळची' करायला जाऊ नका. उडवायची असेल तर आधी जाणत्या कारागिराकडून नळी आणि बूड तपासून घ्या, आणि काळ्या दारूखेरीज दुसरं काहीही तिच्यात घालू नका. आधुनिक धूरविरहित दारूचा दाब तिला सोसत नाही, ती फुटते.