आईनं रद्दीत घातलेल्या कार्डांमुळेच उरलेलं एक कार्ड १०० कोटींना विकलं गेलं, काय आहे हे गणित?

तुम्ही दोन हजारच्या दशकात शाळेत असाल, तर दप्तराच्या तळाशी एक गठ्ठा नक्की असणार. डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं. वर रबरबँड, कोपरे दुमडलेले, एखाद्यावर पेनाची रेघ. मधल्या सुट्टीत रँक, चेस्ट, बायसेप्स असं ओरडत डाव रंगायचा. आवडतं कार्ड हरलं की घरी जाईपर्यंत तोंड उतरलेलं. त्याच काळात चिप्सच्या पाकिटातून पोकेमॉनचे टॅझो निघायचे आणि चिप्सपेक्षा टॅझोसाठीच पाकीट फोडलं जायचं.

मग एका दिवाळीच्या साफसफाईत आईनं ती सगळी इस्टेट रद्दीवाल्याला देऊन टाकली. विषय संपला.

आता मात्र इन्स्टाग्रामवर रील येते. कुणीतरी एक कार्ड दाखवतो आणि सांगतो, हे एवढ्या कोटींना विकलं गेलं. आपण हळहळतो, की आपला तो डबा आज असता तर?

तर आधी एक गोष्ट सांगून टाकू. तो डबा असता तरी तुम्ही करोडपती झाला नसता. पण पुठ्ठ्याच्या तुकड्याला कोटी का मिळतात, याचं उत्तर मात्र त्या रद्दीवाल्याच्या पोत्यातच आहे. कसं ते बघू.

समुद्रात फेकलेली कार्डं

ऑगस्ट २०२२. अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ सालचं एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलर्सना विकलं गेलं. तेव्हाच्या दरानं साधारण १०० कोटी रुपये.

हे कार्ड छापलं होतं टॉप्स या च्युइंगगमच्या कंपनीनं. धंदा गमचा. पोरांनी गम घ्यावं म्हणून सोबत खेळाडूचं कार्ड द्यायचं, इतकाच हिशोब. १९५२ साली टॉप्सनं ४०७ कार्डांचा मोठा सेट काढला. न्यूयॉर्क यँकीज संघात नुकत्याच आलेल्या मँटलचा त्यात नंबर होता ३११, म्हणजे सगळ्यात शेवटी आलेल्या हप्त्यातलं पहिलं कार्ड.

तो शेवटचा हप्ता दुकानात पोचला तेव्हा बेसबॉलचा सीझन संपत आला होता. पोरांचं लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे वळलं होतं. दुकानदारांनी माल घेतलाच नाही आणि पेट्याच्या पेट्या गोडाऊनमध्ये पडून राहिल्या.

पुढचा किस्सा टॉप्सचे साय बर्गर यांनी स्वतः सांगितलेला आहे. १९५२ चा सेट तयार करणारे हेच. त्यांनी उरलेला माल कवडीमोलानं खपवायचा प्रयत्न केला, पण कुणी हात लावेना. शेवटी १९६० साली गोडाऊन मोकळं करायचं म्हणून त्या पेट्या कचऱ्याच्या बार्जवर चढवल्या आणि अटलांटिक महासागरात बुडवल्या.

आज एका कार्डाचे १०० कोटी, आणि तेव्हा पेट्याच्या पेट्या पाण्यात. बर्गर यांना दोष देण्यात अर्थ नाही. कारण ती कार्डं बुडाली नसती, तर उरलेल्यांना हा भाव आलाच नसता.

म्हणजे दुर्मीळ असलं की महाग?

इथंच बहुतेक लोक फसतात. दुर्मीळ असणं गरजेचं आहे, पण तेवढ्यानं भागत नाही.

त्या शेवटच्या हप्त्यात मँटलचं कार्ड इतर कार्डांच्या दुप्पट छापलं गेलं होतं. छपाईच्या शीटवर काही कार्डं दोनदा बसवली होती, त्यातलं हे एक. म्हणजे आपल्याच हप्त्यातल्या बहुतेक कार्डांपेक्षा ते जास्त सापडतं. शिवाय हे मँटलचं पहिलं कार्डही नाही. पहिलं कार्ड बोमन कंपनीनं १९५१ लाच काढलं होतं. कागदावर बघायला गेलं तर ते जास्त महाग असायला हवं. पण किंमत टॉप्सचीच जास्त.

कारण कार्ड कागदाचं असलं तरी विकत घेतली जाते ती आठवण. पन्नाशीच्या दशकात न्यूयॉर्कच्या गल्लीत बॅट घेऊन फिरणाऱ्या पोरांचा मँटल हिरो होता. ती पोरं ऐंशीच्या दशकात चाळिशीत आली, हातात पैसा आला आणि त्यांना आपलं लहानपण परत हवं झालं. मोठ्या आकाराचं, रंगीत, पाठीमागे आकडेवारी असलेलं १९५२ चं टॉप्स कार्ड हेच त्यांच्या लहानपणाचं चित्र होतं. पण तोवर त्यांच्याही आयांनी खोकी बाहेर टाकली होती. अमेरिकेतल्या त्या पिढीची ही जुनी तक्रारच आहे.

मागणी करणारी अख्खी पिढी आणि जपलेला माल मूठभर. भाव तिथं फुटतो.

१०० कोटींचं कार्ड टिकलं तेही योगायोगानं. ऐंशीच्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यात १९५२ च्या कार्डांचा मोठा साठा सापडला, कुणीही न हाताळलेला. त्यातलं हे कार्ड १९९१ मध्ये ५० हजार डॉलर्सना विकलं गेलं. तेव्हा घेणाऱ्याला लोक वेड्यात काढत असतील. त्यानं ते ३१ वर्षं सांभाळलं.

दहापैकी किती मार्क?

आता तिसरी गोष्ट, कार्डाची अवस्था. मँटलचं हेच कार्ड चुरगळलेलं, कोपरे झिजलेलं असेल तर किंमत हजारो डॉलर्सच्या घरात राहते. तेही कमी नाही, पण कुठं हजार आणि कुठं सव्वा कोटी.

हा फरक ठरवायला तिकडे ग्रेडिंग कंपन्या आहेत. पीएसए, एसजीसी, बेकेट ही त्यातली मोठी नावं. तुम्ही कार्ड पाठवायचं, फी भरायची. ते चार गोष्टी बघतात. कोपरे टोकदार आहेत का, कडा सरळ आहेत का, पृष्ठभागावर ओरखडे आहेत का आणि छपाई कार्डाच्या बरोबर मध्यभागी आहे का. मग १ ते १० मध्ये मार्क देऊन कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत सील करतात. १०० कोटींच्या मँटलला एसजीसीनं साडेनऊ मार्क दिले होते.

म्हणजे जे कार्ड पोरांनी मनसोक्त खेळलं त्याला भाव नाही. ज्याला कुणी हातच लावला नाही ते कोट्यधीश. कार्डांच्या बाजाराचा हा जरा क्रूर नियम आहे.

आणि जिथं अर्ध्या मार्कावर लाखो डॉलर्स अवलंबून असतात, तिथं कात्री चालणारच.

कडा कापलेलं सर्वात प्रसिद्ध कार्ड

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटात बेसबॉलपटूंची कार्डं टाकायची. त्यात होनस वॅगनर या मोठ्या खेळाडूचं कार्ड लवकरच बंद झालं. कुणी म्हणतं, पोरांनी कार्डासाठी सिगारेट घ्यावी हे त्याला पटलं नाही. कुणी म्हणतं, पैशांवरून बिनसलं. कारण काहीही असो, आज या कार्डाच्या जेमतेम काही डझन प्रती माहीत आहेत. २०२२ मध्ये त्यातली एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलर्सना गेली.

पण सगळ्यात गाजलेली प्रत वेगळी. १९९१ मध्ये आइस हॉकीचा बादशहा वेन ग्रेट्झकी आणि ब्रूस मॅकनॉल यांनी ती ४ लाख ५१ हजार डॉलर्सना घेतली. पीएसएनं ग्रेड दिलेलं हे पहिलंच कार्ड, आणि मार्क मिळाले ८. इतक्या जुन्या कार्डाच्या इतक्या सुंदर कडा बघून अनेकांना शंका यायची.

शंका खरी निघाली. हे कार्ड एकेकाळी ज्याच्या हातात होतं त्या बिल मास्ट्रो या लिलाववाल्यानं २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं की कार्ड चांगलं दिसावं म्हणून आपण त्याच्या कडा कापल्या होत्या. लिलावात खोट्या बोली लावून भाव वाढवल्याच्या या प्रकरणात २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली.

पोकेमॉनवाल्यांची पाळी

जे बेसबॉलच्या पिढीचं झालं तेच पुढे पोकेमॉनच्या पिढीचं झालं. पोकेमॉनची कार्डं जपानमध्ये १९९६ ला आली, अमेरिकेत १९९९ ला. ती पोरं २०२० च्या आसपास कमावती झाली. त्यात लॉकडाऊन लागला. लोक घरात, जुनी खोकी समोर आणि वेळच वेळ.

पुढच्या वर्षी इतकी कार्डं ग्रेडिंगला आली की पीएसएला आपल्या बहुतेक सेवा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. मे २०२१ मध्ये कार्डांवरून दुकानाबाहेर झालेल्या भांडणात पिस्तूल निघालं, तेव्हा टार्गेट या साखळी दुकानांनी कार्डं दुकानात विकणंच थांबवलं.

१९९९ च्या पहिल्या आवृत्तीचं, दहापैकी दहा मार्कांचं चारिझार्ड २०२२ मध्ये ४ लाख २० हजार डॉलर्सना गेलं. यात कळीचा शब्द आहे पहिली आवृत्ती. चित्राखाली डाव्या बाजूला त्याचा छोटा शिक्का असतो. तेच चित्र, तोच चारिझार्ड, पण शिक्का नसेल तर भाव धाडकन खाली.

त्याच्याही वरचं कार्ड म्हणजे पिकाचू इलस्ट्रेटर. हे दुकानात कधी मिळालंच नाही. १९९७-९८ मध्ये जपानच्या कोरोकोरो कॉमिक या मासिकाच्या चित्रस्पर्धांतल्या विजेत्यांना ३९ प्रती वाटल्या होत्या. यूट्यूबर लोगन पॉलनं २०२१ मध्ये यातलं दहा मार्कांचं कार्ड ५२ लाख ७५ हजार डॉलर्सना घेतलं आणि पुढच्या वर्षी ते गळ्यात घालून डब्ल्यूडब्ल्यूईच्या रेसलमेनियात उतरला.

याच लोगन पॉलचा दुसरा किस्सा मात्र रीलवाले सांगत नाहीत. त्यानं पोकेमॉनच्या पहिल्या आवृत्तीची न फोडलेली पेटी ३५ लाख डॉलर्सना घेतली होती. जाणकारांनी ती खरी असल्याचं सांगितलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये त्यानं ती फोडली, तर आत जी. आय. जो ची कार्डं. इतका पैसा आणि इतके जाणकार हाताशी असूनही माणूस फसतो, हे लक्षात ठेवा.

मग आता घेऊन जपून ठेवली तर?

हा प्रयोग अमेरिकेनं करून झालाय. ऐंशीच्या दशकात जुन्या कार्डांचे भाव पेपरात यायला लागले, भावांची मासिकं निघाली. लोकांनी ठरवलं की आता पोरांच्या शिक्षणासाठी नवी कार्डं घेऊन ठेवायची. कंपन्यांनीही मशीन थांबवलं नाही. परिणाम असा झाला की सगळ्यांनी घेतलं, सगळ्यांनी जपलं आणि कुणीच फेकलं नाही. त्यामुळे त्या काळातल्या बहुतेक कार्डांना आजही भाव नाही. तिकडे त्या काळाला 'जंक वॅक्स', म्हणजे भंगार मालाचा काळ म्हणतात.

कंपन्या यातून शिकल्या. आता त्या मुद्दाम एकच प्रत छापतात, त्यावर खेळाडूची सही किंवा जर्सीचा तुकडा लावतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मायकल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघांची सही असलेलं असंच एकमेव कार्ड १ कोटी २९ लाख डॉलर्सच्या पुढे गेलं आणि मँटल मागे पडला. पण ते जॉर्डन आणि कोबी आहेत. एकमेव प्रत असलेली कितीतरी कार्डं दरवर्षी निघतात, त्यांची बातमी होत नाही.

आपल्याकडे काय?

आपल्या ट्रम्प कार्डांना आठवणी भरपूर आहेत, बाकीचं काही नाही. गल्लीतल्या दुकानात मिळणारी कित्येक कार्डं कॉपी होती. कुणी छापली, किती छापली, पहिली आवृत्ती कुठली, याचा पत्ता नाही. नोंद नसेल तर दुर्मीळ काय आणि साधं काय हे ठरवणार कसं?

सध्या शाळेबाहेर पोकेमॉनची सोनेरी, चंदेरी प्लॅस्टिकची कार्डं स्वस्तात मिळतात. ती नकली आहेत. पोरांना खेळायला खुशाल द्या, पण गुंतवणूक म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर हात जोडा.

आणि कपाटात खरंच जुनं काही सापडलं, तर चार गोष्टी करा.

पुसू नका, कडा कापू नका, इस्त्री तर अजिबात करू नका. दुरुस्ती केली की किंमत गेली.

कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा. कंपनी, साल, नंबर, आवृत्तीचा शिक्का. स्पेलिंग चुकलेलं असेल तर विषय तिथंच संपला.

पोकेमॉनचं कार्ड असेल तर कड नीट बघा. खऱ्या कार्डाच्या दोन थरांमध्ये बारीक काळसर रेघ दिसते. ती नसेल तर संशय घ्या.

आणि भाव बघताना विक्रेत्यानं मागितलेला आकडा बघू नका. ते कार्ड शेवटी कितीला विकलं गेलं, तो आकडा बघा. लाख मागायला पैसे पडत नाहीत, पण देणारा लागतो. ग्रेडिंगची फी भरण्याआधी हे एवढं केलं तरी बरेच पैसे वाचतील.

राहिला प्रश्न आईचा. तिच्यावर राग धरू नका. जगभरातल्या आयांनी खोकी रिकामी केली म्हणून तर उरलेल्या मोजक्या कार्डांना किंमत आली. आणि आपली कार्डं तिच्या हातात पडली तेव्हा आपण ती खेळून खेळून पार झिजवलेली होती. कुठल्याही ग्रेडिंगवाल्यानं त्यांना दहापैकी एकच मार्क दिला असता. ती छापली होती खेळण्यासाठी, आणि ते काम आपण पूर्ण केलं होतं.