बोहोनिकीची माती

पोलंडच्या ईशान्य टोकाला, बेलारूसच्या हद्दीजवळ बोहोनिकी नावाचे छोटेसे गाव आहे. शेते, झाडी, मोजकी घरे आणि लाकडी फळ्यांची एक मशीद. छपरावरच्या लहानशा मनोऱ्यावर चंद्रकोर नसती, तर ती आसपासच्या घरांत सहज मिसळून गेली असती.

इथले मुसलमान तातार वंशाचे. त्यांचे पूर्वज पोलंड-लिथुआनियाच्या फौजेत घोडेस्वार होते. दरबाराने पगार थकवला, जुने हक्क कमी केले, तेव्हा १६७२ मध्ये त्यांच्या अनेक तुकड्या बंड करून उस्मानी तुर्कांना मिळाल्या. पुढे त्यातले बरेच परतले, पण तिजोरी रिकामीच होती. अखेर १६७९ मध्ये राजा तिसरा यान सोबिएस्की याने थकलेल्या पगारापोटी त्यांना जमिनी दिल्या. बोहोनिकी आणि क्रुशिनियानी ही गावे अशी तातारांची झाली. चारच वर्षांनी व्हिएन्नाच्या लढाईत तातार स्वार याच राजाच्या बाजूने तुर्कांविरुद्ध लढले.

काळाच्या ओघात तातारांची मूळ भाषा गेली, दीन मात्र टिकला. त्यांच्या जुन्या हस्तलिखित किताबांत भाषा स्थानिक स्लाव आणि लिपी अरबी आहे. आज गावात थोडीच तातार कुटुंबे उरली आहेत. रमजान ईदला, म्हणजे त्यांच्या ‘रमादान बायराम’ला, बाहेरगावी गेलेले नमाजासाठी परततात. नमाजानंतर मिठाई वाटली जाते. तिला ते ‘सादोगा’ म्हणतात. हा आपला सदकाच.

गावाबाहेर झाडीत जुने कब्रस्तान आहे, ‘मिझार’. २०२१ च्या अखेरीस बेलारूसमार्गे पोलंडमध्ये येऊ पाहणारे सीरिया, इराक, येमेनचे लोक हद्दीवरच्या जंगलात अडकले. थंडीत, नदीत काहींचा जीव गेला. बोहोनिकीच्या लोकांनी निर्वासितांसाठी उबदार कपडे जमवले, हद्दीवरच्या पोलिश जवानांसाठी सूप शिजवले आणि मृतांसाठी मिझारमध्ये कबरी खोदल्या. नदीत बुडालेल्या एका सीरियन तरुणाच्या जनाज्याची नमाज त्यांनीच अदा केली. जन्माआधीच गेलेल्या एका बाळाची इवलीशी कबरही तिथे आहे.

मृताला सन्मानाने दफन करणे हे फर्जे किफाया, साऱ्या जमातीवरचे कर्तव्य. या मृतांचे आप्त हजारो मैल दूर होते. ते कर्तव्य पार पाडले मूठभर तातारांनी, पूर्वजांना पगाराऐवजी मिळालेल्या मातीत. रमजानमध्ये हात दुआसाठी उठतील, तेव्हा त्या कबरींचीही आठवण असावी.