चौथऱ्यावरची विमानं

सांगलीहून मिरजेकडे निघालं की विश्रामबाग लागतं. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं जुनं नाव न्यू इंजिनिअरिंग कॉलेज. १९४७ साली निघालेल्या या महाविद्यालयाला १९५५मध्ये वालचंद हिराचंद यांचं नाव मिळालं. वालचंद म्हटलं की आपल्याकडे साखर, जहाजं आणि मोटारी आठवतात. पण सोलापुरात जन्मलेल्या याच माणसाने २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानाला भागीदार करून बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. महायुद्ध पूर्वेकडून दाराशी आलं, तेव्हा १९४२ साली सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि कारखाना आपल्या हाती घेतला. आजच्या एचएएलचं मूळ ते.

त्या कारखान्यात घडलेली, दुरुस्त झालेली लढाऊ विमानं निवृत्तीनंतर कुठे गेली, याचा माग काढायला बसलो आणि एका प्रश्नापाशी अडकलो. परदेशात अशी विमानं खासगी माणसांनी, विश्वस्त संस्थांनी विकत घेतली, दुरुस्त केली, उडवलीही. आपल्याकडे ती एकतर भंगारात गेली, नाहीतर चौथऱ्यावर चढली. असं का?

पहिली गोष्ट लिबरेटरची. हे जेट नव्हे, चार पंख्यांचं अजस्र अमेरिकन बॉम्बफेकी विमान. पण या विषयाची मुळं तिथेच आहेत. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी आपल्याकडची लिबरेटर कानपूरला आणून उभी केली. ती पुन्हा कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून त्यांची मोडतोड केली, पत्रे फोडले, इंजिनांत वाळू ओतली. स्वातंत्र्यानंतर वालचंदांच्या त्या जुन्या कारखान्यातले कारागीर कानपूरला गेले. एकाचा भाग दुसऱ्याला लावत त्यांनी एकेक विमान जेमतेम उडण्याजोगं केलं आणि कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला आणली. तिथे ती पूर्ण दुरुस्त झाली. पुढे हीच विमानं पुण्याच्या लोहगावहून उडत होती आणि १९६८पर्यंत वायुसेनेत राहिली. ज्यांनी ती फोडली, त्यांचा अंदाज वीस वर्षांनी चुकला!

मग ती निवृत्त झाली. एक लिबरेटर दिल्लीत पालमच्या संग्रहालयात राहिलं, काही परदेशी संग्रहालयांना गेली. एक बरीच वर्षं उघड्यावर पडून होतं. १९८१ साली डग अर्नोल्ड या ब्रिटिश संग्राहकाने ते घेतलं आणि त्याच्याकडून ते १९८४मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट कॉलिंग्ज यांच्या प्रतिष्ठानाकडे गेलं. आधी ते नुसतं मांडून ठेवायचं ठरलं होतं, पण जुन्या सैनिकांच्या आग्रहाने ते उडवायचं ठरलं. १९८९ साली ते पुन्हा आकाशात गेलं आणि त्यानंतर अनेक वर्षं गावोगाव फिरलं. लोक पैसे देऊन त्यात बसत. भारतीय हातांनी मरणातून उठवलेलं विमान आपण सोडून दिलं आणि परक्या देशातल्या एका खासगी संस्थेने ते जपलं. या गोष्टीने मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिलं नाही.

जेटकडे वळू. १९८३च्या डिसेंबरात गोव्याच्या दाबोळी तळावर नौदलाची पहिली सी हॅरियर उतरली. जागच्या जागी वर उठणारी, विमानवाहू नौकेवर सरळ खाली उतरणारी ही विमानं नौदलाने २०१६च्या मे महिन्यापर्यंत वापरली. आज बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियर उभं आहे. त्याच जातीचं एक ब्रिटिश विमान मात्र अमेरिकेत मेरीलँडला पोचलं. आर्ट नॉल्स नावाच्या, मरीन दलातून निवृत्त झालेल्या चाचणी वैमानिकाने ते स्वतःच्या पैशाने घेतलं, सुटं करून नेलं, पुन्हा जोडलं आणि २००७च्या नोव्हेंबरात उडवलं. हॅरियर जातीच्या विमानाचा खासगी मालक म्हणून त्याचं नाव पहिलं लागलं.

अमेरिकेत अशा विमानाला प्रदर्शनासाठीचा प्रायोगिक परवाना मिळतो. शस्त्रं आणि नेमबाजीची यंत्रणा आधी निकामी करावी लागते, कुठे आणि कसं उडवायचं यावर बंधनं असतात. तरी तिथेही सगळंच विकलं जात नाही. एफ-१४ निवृत्त झाल्यावर त्यातली पुष्कळशी यंत्राखाली चिरडण्यात आली, कारण ती विमानं इराणकडेही होती आणि सुटे भाग तिकडे पोचण्याची धास्ती होती. उलट, सोव्हिएत संघ कोसळल्यावर पूर्व युरोपातून मिग आणि चेकोस्लोव्हाकियाची एल-३९ बाजारात आली आणि धनिकांनी ती घेतली. मायक्रोसॉफ्टचे पॉल ॲलन यांनी मिग-२९ घेतलं होतं. ते पुढे जॅरेड आयझॅकमन यांच्याकडे गेलं.

विमान विकत घेणं त्यातल्या त्यात सोपं. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाखाली स्फोटकं असतात, त्यांना मुदत असते आणि ती बदलावी लागतात. इंजिनाचे तास मोजलेले असतात. ते संपले की इंजिन उघडायचं, आणि ते उघडणारा माणूस बहुधा कधीच निवृत्त झालेला असतो. रबरी नळ्या, झडपा, सील वापराविना वाळतात. म्हणजे न उडवलेलं विमानही दरवर्षी म्हातारं होतच असतं.

आणि धोका. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडमध्ये शोरहॅमच्या प्रदर्शनात जुनं हंटर जेट घिरटीतून वर न येता महामार्गावर कोसळलं. ११ माणसं गेली. त्यातल्या कित्येकांचा प्रदर्शनाशी संबंधही नव्हता, ती रस्त्याने चालली होती. कॉलिंग्ज प्रतिष्ठानाचंच एक बी-१७ विमान २ ऑक्टोबर २०१९ रोजी कोसळून सात जण दगावले आणि पुढच्या मार्चमध्ये प्रतिष्ठानाची प्रवासी नेण्याची परवानगी गेली. म्हणून सांगलीवरून कोणी हौसेने मिग उडवावं, असं मला मुळीच वाटत नाही.

पण उडवणं आणि चौथऱ्यावर ठोकणं यांच्या मधली एक वाट आहे. इंग्लंडमध्ये वेल्सबोर्नच्या धावपट्टीवर व्हल्कन एक्सएम ६५५ हे जुनं बॉम्बफेकी विमान आहे. १९८४ साली ते खासगी मालकाकडे आलं आणि आता स्वयंसेवकांची एक संस्था त्याची देखभाल करते. ते उडत नाही. पण त्याची चारही इंजिनं सुरू होतात, धावपट्टीवर ते धावतं, आणि तरुण माणसं तेलकट हातांनी ती यंत्रं शिकतात. ही वाट आपली व्हावी, असं माझं म्हणणं आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला चालतं जेट इंजिन उघडून पाहायला मिळालं, तर त्याला वेगळ्या प्रयोगशाळेची गरज काय?

आपल्याकडे मरुतचं काय झालं पाहा. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला घडलेलं हे पहिलं भारतीय लढाऊ जेट. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते प्रथम उडवलं. एकूण १४७ बनली, १९७१च्या युद्धात लढली. पुरेसं ताकदवान इंजिन मात्र त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही. आज एक मरुत मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात आहे, एक पुण्याच्या कमला नेहरू पार्कमध्ये. एक जर्मनीत म्युनिकजवळ श्लाइसहाइमच्या संग्रहालयात, छपराखाली. कोकणच्या पावसात आणि खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे भेटतात तिथून गंज सुरू होतो. काचेसारखा दिसणारा घुमट उन्हाने तडकतो. विमानाला चौथरा नको असतो, छप्पर हवं असतं.

खासगी माणसाने पुढे यावं, तर कायद्यात त्याची जागा कुठे आहे? निवृत्त लष्करी सामान बहुतेक लिलावात भंगार म्हणून जातं, किंवा स्मारक म्हणून संस्थांना मिळतं. नागरी विमान उडवायला नोंदणी हवी, उड्डाणयोग्यतेचा दाखला हवा, आणि लष्करात जन्मलेल्या विमानापाशी नागरी कागदपत्रं नसतातच. मूळचे सातारा जिल्ह्यातले अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर स्वतः विमान बांधलं. नोंदणीसाठी २०११ साली अर्ज केला, ती मिळाली २०१७च्या नोव्हेंबरात. नव्या, छोट्या विमानाची ही कथा, तर जुन्या जेटचं काय होईल!

एक वाट मात्र उघडलेली दिसते. उद्योजक राजीव चंद्रशेखर यांनी एक जुनं डकोटा विमान विकत घेऊन ब्रिटनमध्ये दुरुस्त केलं. त्यांचे वडील वायुसेनेत डकोटा उडवत. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना वायुसेनेला देऊ केलेली ही भेट स्वीकारायचं ठरलं आणि २०१८च्या एप्रिलमध्ये ते विमान ब्रिटनहून उडत भारतात आलं. पैसा खासगी आणि छत्र वायुसेनेचं, अशी ती जोडी होती. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी सैनिक घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक त्याला दिला गेला.

आणि जिथे वाट बंद झाली, ती विराट ही विमानवाहू नौका. तिच्यावरून सी हॅरियर उडत. नोव्हेंबर २०१८मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ तिचं संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या प्रस्तावाला मान्यता दिली. ते झालं नाही. २०२०मध्ये ३८.५४ कोटींना तिचा लिलाव झाला आणि सप्टेंबरात मुंबई सोडून ती अलंगला गेली. एन्विटेक मरीन या मुंबईच्या कंपनीने संग्रहालयासाठी ती विकत घेऊ म्हटलं. संरक्षण खात्याचा ना-हरकत दाखला मिळाला नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडकाम थांबवलं, पण एप्रिलमध्ये याचिका फेटाळली. तोवर सुमारे चाळीस टक्के नौका तोडून झाली होती.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण मिग-२१. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला ती कायमची निवृत्त झाली. आपली बरीचशी मिग-२१ नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात बनली, महाराष्ट्रातल्या कामगारांनी बनवली. ती घडवलेले, त्यांची इंजिनं उघडलेले कित्येक जण आज आपल्याच गावांत निवृत्तिवेतनावर आहेत. त्यांचे हात अजून चालताहेत.

म्हणून विनंती. तुमच्या गावच्या नगरपालिकेने, शाळेने, महाविद्यालयाने असं विमान मागितलं, तर आनंद जरूर करा, पण अंदाजपत्रक मागून पाहा. त्यात चौथऱ्याचा आणि दिव्यांचा खर्च असेल. छपराचा आहे का, आणि दरवर्षी ते विमान धुऊन पुसून तपासणाऱ्या माणसाच्या पगाराचा आहे का, ते विचारा. नसेल, तर ते आहे तिथेच राहू द्या म्हणून सांगा.